सायकलस्वाराची कैफियत

मोटारवाहनांसंबंधीचा 1988 सालचा कायदा ज्याला वाहन मानीतच नाही, ज्याला क्रमांकाची पाटी नाही, ज्याच्या चालकास परवाना लागत नाही, आणि म्हणून रायपुरातल्या चौकाचौकांत खांबांवर बसविलेल्या कॅमेऱ्यांनी ज्याची कितीही छायाचित्रे टिपली तरी ती कोणत्याही दप्तरी दाखल होण्याची भीती नाही, अशा वाहनावर आरूढ होऊन मी वर्षानुवर्षे तात्यापाऱ्यातील माझ्या घरापासून तेलीबांध्यापलीकडच्या एका सरकारी कचेरीत रुजू होत आलो आहे. शासनाच्या लेखी मी रस्त्यावर नसतोच. समाजाच्या लेखी मात्र त्या रस्त्यावर माझ्याखेरीज दुसरे कोणी नसते. मोटारीतला मनुष्य काचेआड असतो, फटफटीवरचा शिरस्त्राणाआड असतो, रिक्षातला पडद्याआड असतो. सायकलस्वार तेवढा आपादमस्तक उघडा, मंदगती आणि हाकेच्या टप्प्यात असतो. त्याला थांबविण्यास नुसता हात वर करणे पुरते, आणि ज्यांना तेवढेही श्रम नको असतात त्यांचे काम 'अहो' एवढ्यावर भागते. सायकलीपासून मनुष्यास जी सुखे लाभतात आणि जे ताप भोगावे लागतात, त्या सर्वांचे मूळ या एकाच गोष्टीत आहे, असे माझे दीर्घ अनुभवान्ती मत झाले आहे. आणि ते मत मी कोणास ऐकविण्यापूर्वीच लोक मला थांबवून आपापली मते ऐकवितात, हा त्या मताचा पुरावा होय.

सायकलीवर बसण्याची परंपरा आमच्या घराण्यात घोड्यावरून आली. नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर 1741 साली रतनपुरावर चालून आले त्या फौजेत आमचे एक पूर्वज होते, असे आजोबा मोठ्या अभिमानाने सांगत. ते कोणत्या हुद्द्यावर होते, हे मात्र सांगत नसत. पुढे मला उमगले की पूर्वज शिलेदार नव्हते, बारगीर होते. म्हणजे घोडा सरकारचा, दाणावैरण सरकारची, हत्यार सरकारचे, आणि स्वतःची म्हणण्याजोगी वस्तू त्यांच्यापाशी केवळ बैठक होती. बिंबाजी भोसले 1758 साली रतनपुरास कारभार पाहू लागले तेव्हा हे घराणे तेथे स्थिरावले, आणि 1818 नंतर इंग्रजांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले तेव्हा दप्तराच्या रुमालांबरोबर तेही इकडे आले. घोडा मध्येच कोठे सुटला, याची नोंद आमच्या घरच्या कोणत्याही कागदात नाही.

मीही बारगिरीतूनच वर आलो. आमच्या बालपणी सायकल ही विकत घेण्याची नव्हे, तर तासाच्या भाड्याने आणण्याची वस्तू होती. तासाला चार आणे दर, मागच्या मडगार्डावर पांढऱ्या रंगात क्रमांक, ब्रेक असलाच तर एकाच बाजूचा, आणि दुकानात टांगलेले घड्याळ असे लहरी की सायकल नेताना ते पुढे असे व परत आणताना त्याहूनही पुढे असे. दांड्यावरून पाय टाकण्याइतकी उंची नसल्यामुळे आम्ही त्रिकोणातून पाय घालून, अंग एका बाजूस झुकवून, बुढापाऱ्याच्या तलावाकाठी तासन्तास नव्हे, तर बरोबर एक तास, घामाघूम होत असू. पुढे नोकरी लागली, पहिल्या काही पगारांतून स्वतःची सायकल घेतली, आणि अडीच शतकांच्या सेवेनंतर आमच्या घराण्यास शिलेदारी प्राप्त झाली.

वडिलांची सायकल आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली होती. ते नोकरीस लागले त्याच सुमारास, म्हणजे 1 नोव्हेंबर 1956 रोजी, रायपूरची राजधानी नागपुराऐवजी भोपाळ झाली, आणि इतकी वर्षे मराठीत रागावणारे वरिष्ठ एकाएकी हिंदीत रागावू लागले. सायकलीची घंटी तेवढी पूर्वीच्याच भाषेत वाजत राहिली. त्या काळी सायकलस्वारास कायद्यापुढे प्रतिष्ठा होती. गावोगावच्या नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेऊन बिल्ला देत; रात्री दिवा नसलेली सायकल शिपाई शिटी फुंकून अडवी; आणि मागे दुसरा मनुष्य बसविणे हा दंडास पात्र असा प्रमाद असे. बिनदिव्याच्या सायकलीबद्दल वडिलांना एकदा दंड झाला होता, आणि त्याची पावती त्यांनी मॅट्रिकच्या प्रमाणपत्राशेजारी जपून ठेवली होती. सरकारने आपली दखल घेतल्याचे तेवढे दोनच कागद त्यांच्यापाशी होते. मला तोही मान नाही. जयस्तंभ चौकात तांबड्या दिव्यापुढे मी इमानाने थांबतो तेव्हा बंदोबस्तावरील शिपाई मला हाताने 'जा, जा' अशी खूण करतो. ज्याला गुन्हा करण्याचीही पात्रता उरली नाही, त्याच्या सदाचरणास कोण विचारतो?

मोटारीतून कचेरीत जाणाऱ्यास 'तुम्ही मोटारीतून का जाता?' असे कोणी विचारीत नाही. सायकलीवरून जाणाऱ्यास मात्र कैफियत द्यावी लागते, आणि समाजास मंजूर अशी कारणे तीनच आहेत: दारिद्र्य, व्याधी आणि तत्त्वनिष्ठा. निरनिराळ्या प्रसंगी मी तिन्ही देऊन पाहिली. दारिद्र्याचे कारण दिले, तेव्हा एका स्नेह्याने सहानुभूतीने हात हाती घेऊन, आपल्या मेहुण्याने हप्त्यांवर मोटारसायकली विकण्याचे दुकान काढले असल्याचे सांगितले व दुसऱ्या दिवशी मेहुण्यासच पाठविले. व्याधीचे कारण दिले, तेव्हा मधुमेह मला नसून समोरच्यास असल्याचे उघडकीस आले, आणि कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड व तांदळाऐवजी कोदोचा भात यांवरील त्यांचे व्याख्यान एक पाय जमिनीवर व एक पायडलावर अशा अवस्थेत मला अखेरपर्यंत ऐकावे लागले. तत्त्वनिष्ठेचे कारण सर्वांत महागात पडले. ते कानोकानी पसरून एका संस्थेने पर्यावरण दिनास मला प्रमुख पाहुणा म्हणून पाचारण केले, आणि सभेच्या आदल्या रात्री चिटणिसांचा दूरध्वनी आला की आपण कृपा करून सायकलीवरून येऊ नये, वेळेचा प्रश्न आहे, मोटार पाठवितो. सायकल आहे, ती चालते, आणि तीवर बसणे मला आवडते, हे चौथे व खरे कारण मी कितीदा तरी सांगून पाहिले. पण ते ऐकताच लोक आवाज खाली आणून 'घरी सगळे ठीक आहे ना?' असे विचारतात.

नागपुराकडून येऊन संबळपुराकडे जाणारा जो ग्रेट ईस्टर्न रोड, तो ताटीबंधापासून तेलीबांध्यापर्यंत रायपुराच्या पोटातून जातो, आणि तात्यापारा ते शारदा चौक या तुकड्यात त्याच्या नावातील भव्यता एकाएकी आवळून येते. या तुकड्याच्या रुंदीकरणाची तजवीज किती वर्षांपासून चालू आहे हे सांगण्यास जुने दप्तर उघडावे लागेल. मोजणी होते, भिंतींवर खुणा होतात, भरपाईच्या रकमेवर खल होतो, एक महापौर जाऊन दुसरा येतो, आणि दुकाने आपल्या जागी व रस्ता आपल्या जागी राहतो. नागरिक या नात्याने मी हळहळ व्यक्त करतो. सायकलस्वार या नात्याने त्या प्रकरणाचा निकाल माझ्या हयातीत लागू नये, अशी मारुतीरायास मनोमन विनंती करतो. कारण जिने मला घराच्या वळणावर कर्कश कर्णा वाजवून गटाराकडे सारले असते, ती लांबरुंद मोटार याच ठिकाणी, आपले शेकडो अश्वांचे बळ पोटात कोंडून, तशाच अनेक मोटारींच्या मागे निश्चल उभी असते. आणि मी दोन आरशांच्या मधून, एका हातगाडीस वळसा घालून, पायरीवर उभ्या असलेल्या दुकानदारास नमस्कार करीत पुढे निघून जातो. त्या वेळी मी मोटारीकडे पाहत नाही. पाहणे असभ्यपणाचे होईल. मात्र घंटी एकदा वाजवितो.

या विजययात्रेत मला अडविण्याचे सामर्थ्य एकट्या गोवंशात आहे. पावसाळ्यात शेते व गल्ल्या चिखलाने भरल्या की रायपुरातील गुरे डांबरी सडकेवर येऊन बसतात, कारण ती जागा कोरडी असते आणि धावत्या वाहनांच्या वाऱ्याने तेथे माश्या बसत नाहीत. म्हणजे वाहतूक ही त्यांच्या दृष्टीने आपल्यासाठी केलेली वारा घालण्याची व्यवस्था होय. पिकांच्या रक्षणार्थ गुरे आवरून ठेवण्याची 'रोका-छेका' नावाची प्राचीन ग्रामरीत या प्रांतात आहे, आणि सरकारने 2020 साली तिचे पुनरुज्जीवन करण्याची मोहीमही काढली; परंतु मोहिमेचा मजकूर गुरांपर्यंत पोहोचला नसावा. मोटारवाला गाईस भिऊन असतो, गाय मोटारीस भीत नाही, आणि दोघेही एकमेकांशी बोलत नाहीत. मी बोलतो. 'चल माय, ऊठ, दहा वाजत आले' असे म्हटले की ती उठत नाही, पण शेपटी आवरून घेते, आणि सायकलीस तेवढी वाट पुरते.

पुढे नगरघडीचा चौक लागतो. तेथील घड्याळ दर तासास छत्तीसगडी लोकगीताची धून वाजविते, आणि परगावचे पाहुणे ती ऐकून प्रसन्न होतात. मला ती धून सुट्टीच्या दिवशी फार गोड वाटते. कामाच्या दिवशी दहाची धून त्या चौकातच कानी पडली, तर तीत हजेरीपटावरील तांबड्या शाईचा स्पष्ट भास होतो.

याच रस्त्यावर मला शाळेच्या मुली भेटतात. राज्याच्या सरस्वती सायकल योजनेत पात्र मुलींना नववीत सायकल मिळते, आणि ती मिळताच तिघी तिघींनी एका रांगेत, हातवारे करीत, मागून येणाऱ्या जगाची पर्वा न करता चालविण्याची विद्या त्यांना कोणी न शिकविता येते. मी घंटी वाजवितो. त्या बोलणे न थांबविता वेग वाढवितात. म्हणजे मला वाट मिळते, पण ती वापरण्याची संधी मिळत नाही. सायंकाळी परतताना गाठ पडते ती आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मजुरांची. सकाळी ते चावडीवर काम शोधीत उभे असतात, दिवसभर कोणाची तरी इमारत उभारतात, आणि दिवेलागणीस हँडलाला रिकामा डबा, दांड्याला फावडे आणि डोक्याला गमछा बांधून घराकडे निघतात. दिवसभर सावलीत बसून आकडे मांडणाऱ्या मला ते चढावर सहज मागे टाकतात. त्यांच्यातील एखादा वयस्क गृहस्थ जाता जाता 'धीरे धीरे चला महराज' असा सल्लाही देतो. माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्याकडे कैफियत आजवर कोणी मागितलेली नाही.

आता तापांपैकी मुख्य ताप. आमच्या आळीत एक काकू आहेत. त्यांच्या मराठीवर नागपूरचे पाणी असून हुकमावर कोणाचेच नाही. मी सायकल उंबऱ्याबाहेर काढली की पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून हाक येते, "अरे बाळ, तू जाऊनच राहिला नं, तर जाता जाता एवढं चौबे कॉलनीत देशील का?" हे 'एवढं' कधी भाजणीचा डबा असते, कधी काळ्या मसाल्याची बरणी, कधी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रंथालयातून आणलेले व मुदत टळलेले दिवाळी अंक, कधी हळदीकुंकवाची आमंत्रणे, आणि एकदा तर ते पाट्यासकट वरवंटा होते. चौबे कॉलनी आमच्या पश्चिमेस आहे. माझी कचेरी पूर्वेस आहे. हे मी काकूंना नकाशा काढून दाखविले. त्यांनी नकाशा चष्मा लावून पाहिला, काढणाऱ्याच्या अक्षराची तारीफ केली, आणि म्हणाल्या, "म्हणजे मंडळावरूनच जावं लागते तुला." पोटच्या मुलापाशी मोटार आहे, नातवापाशी स्कूटर आहे, परंतु त्यांना कधी काही सांगत नाहीत. 'त्यांना घाई असते' असे कारण देतात. मला घाई नसावी, हे त्यांनी माझ्या वाहनावरून ठरविले आहे.

मात्र या टपालसेवेचा मोबदला मिळत नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. चौबे कॉलनी, बुढापारा, लाखेनगर अशा विखुरलेल्या मराठी घरांतून कोणाच्या पंचांगात कोणती तिथी आहे, कोणाच्या मुलीचे कोठे जुळत आले आहे आणि कोणाचा कुळाचार कोणी मोडला आहे, याची जेवढी माहिती माझ्यापाशी आहे तेवढी बिंबाजी भोसल्यांच्या बातमीदारांपाशीही नसेल. शिवाय डबा रिकामा परत पाठवू नये, ही रीत अद्याप टिकून आहे. पुरणपोळीच्या दिवसांत माझे परतीचे प्रवास, तौलनिक दृष्ट्या, फार सुखाचे होतात.

तेलीबांध्यास पूर्वी रेल्वेचे फाटक होते. रायपुराहून धमतरीस जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी लाइन बंगाल-नागपूर रेल्वेने 1900 साली सुरू केली, आणि पुढे शहर तिच्या दोन्ही अंगांस इतके वाढले की ती गाडी गावात येत नसून गावच गाडीच्या वाटेत येऊन बसले. फाटक पडले की दोन्ही बाजूंस वाहनांचा महासागर साचे, आणि गाडी यायची ती इतक्या सावकाशीने की इंजिनचालकास तोंडओळखीच्या लोकांची विचारपूस करता यावी. काही सायकलस्वार सायकल आडवी करून दांड्याखालून निसटत. रेल्वेचा कायदा मोटारवाहनांच्या कायद्याहून उदार असल्याने त्याच्या लेखी सायकलस्वारही अपराध करू शकतो, आणि त्यांस तो मोह आवरत नसावा. मी सरकारी नोकर असल्यामुळे थांबत असे, आणि त्या थांबण्याची मला पुढे सवय लागली, नंतर गोडी लागली. कारण फाटकापाशी हुद्दे गळून पडत. एकदा आमच्या त्या वेळच्या साहेबांची मोटार नेमकी माझ्या सायकलीशेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ त्यांनी मला पाहिले नाही. पण फाटकाची मुदत साहेबांच्या धीरापेक्षा मोठी होती. अखेर काच खाली आली, 'काय हो, गाडी कधी येणार?' असा प्रश्न आला, आणि गाडीच्या धुराचा ठिपका दिसेपर्यंत टेबलावर पंधरवडाभर निजलेला माझा रजेचा अर्ज तोंडी मंजूर होऊन गेला. 2017 साली शहरातली ती लाइन बंद झाली आणि तिच्या जागेवरून मोटारींचा वेगवान मार्ग निघाला. तेव्हापासून रजेचे अर्ज यथाक्रम, योग्य त्या मार्गाने सादर करावे लागतात.

राजधानीही एकवार माझ्या सायकलीच्या टप्प्यात आली होती. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाले, दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाच्या इमारतीत मंत्रालय भरू लागले, आणि जी राजधानी आजोबांना नागपुरास व वडिलांना भोपाळास आगगाडीने गाठावी लागे, ती मला कचेरीच्या वाटेवर डाव्या-उजव्या हाताशी लागू लागली. एखादा कागद राहिला तर मधल्या सुट्टीत सायकलीवरून मंत्रालयात देऊन येता येई. असे भाग्य पेशव्यांच्या कारकुनांखेरीज फार थोड्या मराठी माणसांस लाभले असेल. 2012 साली मंत्रालय वीसेक किलोमीटरांवरच्या नव्या रायपुरास गेले. तेथे रस्ते विस्तीर्ण आहेत, गुरे थोडी आहेत, आणि रस्त्यांच्या कडेस सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग राखले आहेत. सायकली जुन्या रायपुरात आहेत.

उन्हाळ्याविषयी फार लिहीत नाही. मे महिन्यात जेथे पारा पंचेचाळीस अंशांस जाऊन टेकतो, तेथे त्याविषयी लिहिण्याने शीतलता येत नाही. खिशात कांदा बाळगला म्हणजे लू लागत नाही, या समजुतीवर माझा विश्वास नाही, परंतु कांदा खिशात असतो. पावसाळ्यात एका हाती छत्री व एका हाती हँडल धरून जाण्याची कला मला अवगत आहे. तिच्यात कपडे वाचत नाहीत, पण छत्री आणली नाही असे घरी कोणी म्हणू शकत नाही.

पंक्चर मात्र सर्व ऋतूंत होते, आणि ते सवडीने सांगण्यासारखे आहे. बाभळीचा काटा, काचेचा तुकडा किंवा बुटाचा खिळा आपल्या चाकात शिरतो तेव्हा प्रथम काहीच कळत नाही. मग मागचा भाग किंचित डावी-उजवीकडे सरकू लागतो. मग मनुष्य हवा कमी असेल अशी स्वतःची समजूत घालतो. आणि रिमचा खडखडाट पाठीच्या कण्यातून मस्तकी पोहोचला म्हणजेच खाली उतरतो. आमच्या वाटेवर एका पिंपळाखाली एक वृद्ध पंक्चरवाला बसतो. सारे त्याला कका म्हणतात, म्हणून मीही म्हणतो; तो मला महराज म्हणतो, आणि या संबोधनात आदर किती व करुणा किती याचा अंदाज मला अद्याप आलेला नाही. तो घाई करीत नाही. ट्यूब बाहेर ओढतो, हवा भरतो, घमेल्यातल्या पाण्यात तिचा एकेक वीतभर भाग बुडवितो, आणि बुडबुड्यांची मालिका वर येऊ लागली की ती मलाही दिसली याची खात्री करून घेतो. न दाखविता पैसे घेणे त्याच्या धर्मात नाही.

"दू ठन हे, महराज."

"एक तर दिसला. दुसरा कुठे?"

तो दुसरा दाखवितो. मग कानशीने रबर घासणे, सोल्युशन लावणे, ते वाळेपर्यंत विडी ओढणे, आणि विडी संपेपर्यंत माझ्या घरची विचारपूस करणे, असा शास्त्रोक्त क्रम चालतो. सोल्युशन वाळण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याने माझ्या मुलाचा पगार, पत्नीचे गुडघे आणि घरपट्टीची थकबाकी एवढे विषय निकालात काढलेले असतात. अखेरीस टायर अंगठ्याने दाबून पाहतो व मान हलवितो. "टायर घिसा गे हे. कतेक चलाहू?" आणखी किती दिवस चालविणार, हा प्रश्न तो टायरविषयी विचारतो, असे समजून मी उत्तर देतो.

आणि तरीही या वाहनास जो मान आमच्या घरी मिळतो तो रायपुरातील कोणत्या मोटारीस मिळत असेल असे वाटत नाही. आषाढी अमावास्या ही आमच्याकडे दिव्याची अवस. त्या दिवशी समया, निरांजने व लामणदिवा चिंच लावून घासतात, पाटावर मांडतात आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवितात. नेमक्या त्याच दिवशी अवघ्या छत्तीसगडात हरेली असते. शेतकरी नांगर, कुदळी, फावडी धुऊन पुजतात, तांदळाच्या चिल्याचा नैवेद्य होतो, दारांना कडुनिंबाच्या डहाळ्या लागतात, आणि मुले बांबूच्या उंच गेडींवर चढून गल्ल्यांतून ठकठक करीत हिंडतात. माझ्या सायकलीस डायनॅमोचा दिवा असल्यामुळे पत्नी तिला दिव्यांत धरते व पुढच्या काचेस हळदकुंकू लावते. सायकल हे पोटापाण्याचे अवजार असल्यामुळे आळीतला राऊत तिला अवजारांत धरतो आणि हँडलास कडुनिंब खोवतो. पुढे दसऱ्यास झेंडूची माळ असतेच. एकदा तर हरेलीच्या दिवशी कचेरी गाठताना गेडीवरच्या एका पोराने शारदा चौकापर्यंत माझ्याशी शर्यत लावली. निकाल मी येथे नमूद करीत नाही.

कचेरीच्या फाटकावर नवा पहारेकरी आला की आठवडाभर मला अर्जदारांच्या रांगेची दिशा दाखवितो. ओळखपत्र काढून दाखविले तरी प्रथम सायकलीकडे, मग छायाचित्राकडे आणि मग पुन्हा सायकलीकडे पाहतो, जणू छायाचित्रात सायकलही असावयास हवी होती. आत सायकलींसाठी म्हणून राखलेल्या छपराखाली शिपाईवर्गाच्या मोटारसायकली असतात. पाच वाजता मला माझी सायकल शोधावी लागत नाही, उपसावी लागते.

हे सर्व ऐकून बंगळुरास नोकरीला असलेल्या आमच्या चिरंजिवांस वडिलांची दया आली आणि मागच्या दिवाळीस त्यांनी एक नवी सायकल पेटीत घालून आणली. तिला एकवीस गिअर होते, आणि मडगार्ड, स्टँड, घंटी, दिवा व कॅरियर यांपैकी काहीही नव्हते. किंमत त्यांनी सांगितली नाही. पेटीवरची चिठ्ठी फाडलेली होती. ककाने तिला चहूबाजूंनी फिरून पाहिले, टायर अंगठ्याने दाबला, आणि "एमा घंटी घलो नइ हे, महराज" असे म्हणून तो आपल्या घमेल्याकडे वळला. मी तिच्यावर बसण्याचे सौजन्याने नाकारले, तेव्हा चिरंजीव स्वतःच दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. त्यांचे काही मित्र सायकली मोटारींच्या टपावर बांधून नव्या रायपुरास नेतात, तेथील स्वतंत्र मार्गावर व्यायाम करतात आणि पुन्हा टपावर बांधून न्याहारीस परत आणतात. त्या मंडळींस शास्त्री चौकात गाठण्याचे ठरले होते. डोक्यास शिरस्त्राण, डोळ्यांस काळा चष्मा, हातांत मोजे, कानांत गाणी, आणि पायांखाली एकवीस गिअर. इतका बंदोबस्त केलेला सायकलस्वार आमच्या आळीने कधी पाहिला नव्हता. मला वाटले, हा निभावतो.

इतक्यात वरची खिडकी उघडली.

पाऊण तासाने चिरंजीव परत आले ते पायी, एका हाताने सायकल ढकलीत, आणि दुसऱ्या हातात चौबे कॉलनीहून भरून आलेला चकल्यांचा डबा उराशी धरून. मित्र केव्हाच निघून गेले होते. डबा ओट्यावर ठेवून त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

"बाबा, नव्या रायपूरच्या वाटेवर चौबे कॉलनी कधीपासून आली?"

मी एक चकली मोडून त्याच्या हाती दिली आणि कका आठ वाजता येतो, त्याच्याकडून कॅरियर बसवून आण, म्हणून सांगितले.